साळू उजवी कधी झाली

सायलीचा ताप बुधवारीच उतरला होता. घरातली त्याची चर्चा मात्र अजून उतरली नव्हती.

रविवारी सकाळी भीमाताई नागापूरहून आली, ती चपला काढता काढताच म्हणाली, "कशी आहे पोरगी? बाजाराची धूळ बाधली म्हणे."

"बाधंल न्हाई तर काय," चांगुणाबाई लेकीला म्हणाल्या. "दीड वर्साचं लेकरू. म्हशीच्या बाजारात न्यायचं असतंय व्हय?"

सीमा स्वयंपाकघरात खाली बसून शाईचा डबा उघडत होती. तिनं मान वर केली नाही. नणंद आणि सासू एका बाजूला झाल्या की मान खाली असलेली बरी, एवढं ती या घरात शिकली होती. कान मात्र बाहेरच्या खोलीत होते. आई, म्हणजे सासूबाई, सायलीला मऊ भात भरवत होत्या. वाटीवर चमचा वाजला, काऊचा घास झाला, चिऊचा झाला, आणि मग काहीच नाही. गिळल्याचा आवाज नाही. तो आवाज सीमाला भिंतीपलीकडूनही कळायचा. पोरगी घास गालात धरून बसली असणार. आता हनुवटीवरून ओघळ येईल, मग आईंचा सुस्कारा, मग फडकं.

वरचं अन्न सुरू केल्यापासून हे असंच चाललं होतं. डॉक्टर म्हणायचे, पोरगी ठणठणीत आहे, एखादं लेकरू असतं कमी खाणारं. सीमाला ते पटायचं आणि पुरायचं नाही. पोरगी झोपली की ती तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची. पोरगी खेळायला लागली की फरशीवरची बटणं, शेंगदाणे, टाचण्या वेचत तिच्या मागं फिरायची.

"आणि हे काय?" भीमाताई दारात येऊन उभी राहिली. ती झेडपीच्या शाळेत शिकवायची आणि घरातही फळ्यासमोर उभी असल्यासारखी उभी राहायची. "रविवारी ओट्याखाली छापखाना काढलास?"

"पहिला ठसा काढतेय ताई. थांबा, बघून जा."

"बघते. आधी चहा मिळतोय का ते बघते."

सीमाच्या नवऱ्यानं, सचिननं, उठून चहाचं आधण ठेवलं. ठशासाठी कोरायची फळीही त्यानंच आणली होती. नागापूरला त्याच्या कंपनीत यंत्रं लाकडी खोक्यांतून यायची. त्यातली एक रुंद, गाठी नसलेली बाजू त्यानं स्कूटरवर पायाशी आडवी धरून आणली आणि काही न बोलता गॅलरीत टेकवून ठेवली. सीमाच्या कोरायच्या पटाश्यांना कंपनीतल्या ग्राइंडरवर धारही लावून आणली. लग्नानंतर, विशेषतः सायली झाल्यावर, 'तू हल्ली चित्रं का काढत नाहीस' असं त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. पटाश्यांना गंज मात्र चढू दिला नव्हता.

पुण्यात चित्रकलेचा डिप्लोमा करताना सीमाचं सगळं काम प्रवासात सुचायचं. एसटीच्या खिडकीशी बसलं की कोरायच्या रेघा आपोआप दिसायला लागत. कॉलेजची सहल बदामीला गेली तेव्हा बाकीची मुलं लेणी घेऊन आली आणि ती तळ्याच्या पायऱ्यांवर धुणं आपटणाऱ्या बायका. आता तिचा प्रवास म्हणजे सावेडी ते दवाखाना आणि दवाखाना ते सावेडी. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसायची. सगळीकडे गुलाबी डिस्टेंपर आणि पांढरी ट्यूबलाइट. लाकडात कोरायला अंधार लागतो, आणि या घरात तो कुठल्याच कोपऱ्यात सापडत नव्हता.

मग एके दिवशी सासऱ्यांनीच, रंभाजींनी, पेपरातून डोकं काढून म्हटलं होतं, "सीमा, तू एकदा घोडेगावचा बाजार बघ. चित्राला लई माल हाय तिथं."

ती गेली. सायलीला कडेवर घेऊन, आईंची नजर पाठीवर घेऊन गेली. एसटीतून उतरून बाजाराच्या मैदानात शिरली आणि जागच्या जागी उभी राहिली. म्हशीच म्हशी. धुऊन, तेल चोपडून उभ्या केलेल्या. सगळा काळा रंग, आणि पाठीच्या कण्यावर, शिंगाच्या कडेला उन्हाची एकच पांढरी रेघ. कुणी आधीच कोरून ठेवल्यासारखी. दोन व्यापारी टॉवेलाखाली हातात हात घालून सौदा करत होते. बोटं काय बोलतायत ते बाहेर कुणाला दिसत नव्हतं, फक्त टॉवेल मधूनच हलायचा. तिथं उभ्या उभ्या सीमाच्या तळहाताला खाज सुटली. ती दोन वर्षांत सुटली नव्हती.

आणि मग ती बाई. चुलीच्या धुराआड, गुडघा वर घेऊन बसलेली, भाकरी आणि कालवण विकणारी. पातेल्यातून डाव वर आला की रश्श्याची धार उन्हात चमकायची. सीमानं तिचा चेहरा असा पाहिलाच नाही. उजेड कुठं पडतो तेवढं पाहिलं आणि भराभर कागदावर घेतलं.

तिथंच आणखी एक गोष्ट घडली होती. ती तिनं घरी कुणाला सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी ताप आला, आणि मग सांगायची सोयच राहिली नाही.

---

चहा होईपर्यंत सीमानं रूळ शाईवर फिरवला. चिकट चरचर आवाज आला. फळीवर शाई चढली, वर अलगद कागद ठेवला, आणि ती स्टीलच्या डावाची पाठ कागदावर गोल गोल घासायला लागली. घरी प्रेस नव्हतं. डाव हेच प्रेस.

"माझा आमटीचा डाव तेवढा ऱ्हायला हुता शाईत घालायचा," चांगुणाबाई सायलीला कडेवर घेऊन आत आल्या.

"नुसती पाठ वापरतेय आई. आणि मध्ये कागद आहे."

"कागद आज हाय, उद्या न्हाई."

सीमा हसली, घासत राहिली. कागदाखाली कुठं खोल आहे, कुठं उंच, ते डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतं. टॉवेलाखालच्या त्या दोन हातांना कळत होतं तसंच. मग तिनं श्वास धरून एक कोपरा उचलला आणि कागद सोलल्यासारखा वर घेतला.

म्हशींचा काळा ढीग. त्यापुढं धूर. धुरापुढं गुडघा वर घेतलेली बाई, हातात डाव, डावातून लोंबणारी पांढरी धार.

सचिन चहाचा कप धरून वाकला. "आई! अगं, ही तूच की!"

"आईच," भीमाताई म्हणाली. "गुडघा बघ ना कसा घेतलाय. आणि मान. जेवायला वाढताना अशीच मान काढते." मग मनात नसताना कौतुक करावं लागल्यासारखं, "चांगलं केलंयस गं सीमा."

"पण मी आईंना नाही काढलं," सीमा गोंधळून म्हणाली. "ही घोडेगावची बाई आहे. बाजारात कालवण विकते."

बाहेरच्या खोलीत रंभाजींनी एकदा मान लांब करून कागदाकडं बघितलं आणि पुन्हा पेपरामागं गेले.

---

चांगुणाबाईंनी सायलीला सचिनकडं दिलं, चष्मा पदरानं पुसला आणि ओट्याला धरून खाली बसल्या.

फोटो त्यांचे पुष्कळ होते. फोटोत माणूस आपल्याकडं बघतं. ही बाई पातेल्याकडं बघत होती, आपल्याला कुणी बघतंय हे तिच्या गावीही नव्हतं. मान माझी, त्यांनी मनात म्हटलं. गुडघा माझा. हनुवटीखालची वळीसुद्धा माझी. क्षणभर त्यांना बरं वाटलं. सून बोलत नाही पण बघते, असं वाटलं. मग त्यांची नजर पदरावर गेली. पदर कमरेला पुढून पीळ घालून खोचला होता. असा आपण खोचत नाही. असा पीळ घालून एकच माणूस खोचायचं. लहानपणी परकराचासुद्धा तसाच पीळ, आणि आई ओरडायची, दोरखंड वळतीस का काय गं.

पण हात. हात उजवा होता.

"साळू उजवी कधी झाली?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

भीमाताईनं कप खाली ठेवला.

"कोण साळू?" सीमानं विचारलं. या घराला एक मावशी आहे आणि ती येत नाही, एवढंच तिला माहीत होतं. नाव कुणी घेत नसे.

"माझी धाकटी भैन," चांगुणाबाई म्हणाल्या. "घोडेगावला दिलेली. पन ही न्हाई ती. ती डावरी हाय. पाटीवर लिवायची डाव्यानं, भाकर थापायची डाव्यानं. बापानं मारमार मारलं, हात बांधून ठिवला. न्हाई तर न्हाई. बाप म्हनायचा, हिला उजवीन तवाच ही उजवी व्हईल. तर लगीन करून उजवली, पन उजवी काय झाली न्हाई."

सीमा कागदाकडं बघत होती. मग फळीकडं. मग पुन्हा कागदाकडं. तिनं कपाळाला हात लावला तशी कपाळावर शाईची बोटं उठली.

"अगं बाई," ती म्हणाली. "मी पलटवलंच नाही."

"काय न्हाई केलं?"

"आई, इकडं बघा." तिनं फळी त्यांच्या पुढ्यात ओढली. "फळीवर जे डावं असतं ते कागदावर उजवं उमटतं. आरशासारखं. म्हणून कोरायच्या आधी चित्र पलटवून घ्यायचं असतं. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे माहीत असतं. आणि मी... सायली मांडीवर होती, ती कार्बन पेपर तोंडात घालत होती, तिच्या तोंडातून तो काढण्याच्या नादात काढलं होतं तसंच फळीवर गिरवलं." ती थांबली. "त्या बाई डाव्या हातानंच वाढत होत्या आई. मी बघितलंय. मला तेच आवडलं होतं. धार उलट्या बाजूनं पडत होती म्हणून तर मी तिथं थांबले."

चांगुणाबाईंनी फळीवर वाकून बघितलं. काळ्या, ओल्या लाकडात त्यांची बहीण बसली होती. डाव्या हातात डाव.

चार वर्षांपूर्वी याच सचिनच्या लग्नात, पहिल्या पंगतीला, साळू बुंदी वाढत होती. उत्साहानं, पीळ घालून पदर खोचून, डाव्या हातानं. पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, अहो, ह्या डाव्या हातानं वाढतायत की. कुणीतरी हसलं. चांगुणाबाईंना लाज वाटली. साळूची नव्हे, लोकांची. त्या पंगतीतून भरभर चालत गेल्या, साळूच्या हातातून डाव काढून घेतला आणि दुसऱ्या बाईच्या हातात दिला. बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर साळू भांडली असती, आणि भांडून जेवायला बसली असती. साळू मोकळा हात तसाच हवेत धरून उभी राहिली थोडा वेळ. मग हात धुतला आणि निघून गेली.

त्या वेळी नवी नवरी स्टेजवर बसली होती. हे तिला कोण सांगणार?

"आई," सीमा हळूच म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "एक सांगायचं राहिलंय. सायलीला त्या दिवशी त्यांनीच भरवलं."

"बाहेरचं?" भीमाताई ताडकन म्हणाली. "त्या धुळीत? आणि आम्ही इथं ताप कशानं आला याचा शोध घेतोय!"

"भीमे, जरा थांब," चांगुणाबाई म्हणाल्या. "काय भरवलं?"

"भाकरी कुस्करून. डाळीच्या पाण्यात. मी नको नको म्हणत होते."

"डाव्या हातानं?"

सीमानं खरंच सांगितलं. "हो."

"मंग? खाल्लं तिनं?"

"वाटीभर," सीमा म्हणाली. "सगळी वाटी, आई. गालात नाही धरलं. आपण होऊन आ करत होती."

चांगुणाबाईंनी सचिनच्या खांद्यावर, गालात अजून सकाळचा भात धरून बसलेल्या नातीकडं बघितलं.

"ताप काय, दात येत्यात तिचे," त्या म्हणाल्या. "मी परवाच म्हनले हुते."

परवा त्या असं काहीच म्हणाल्या नव्हत्या. पण भीमाताईसुद्धा गप्प बसली.

---

रंभाजी पेपराआड होते. सगळी हयात एसटीत कंडक्टरी केलेला माणूस. बिनतिकिटाचा प्रवासी त्यांना नुसत्या चेहऱ्यावरून ओळखू यायचा. आता आपलाच चेहरा तसा झालाय, हे त्यांना आरशाशिवाय कळत होतं.

"अहो," आतून आवाज आला.

"हं."

"पेपर कालचा हाय."

त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. चांगुणाबाई दारात उभ्या होत्या. मागं सून, लेक, लेकाच्या खांद्यावर नात. अख्खी बस चेकिंगला उभी.

"ह्या पोरीला घोडेगावला तुमीच धाडलं व्हय?"

"बाजाराला धाडलं. म्हशी बघाया."

"आन तुमी जाता?"

"जातो कवातरी. घोडेगाव आपल्या रूटवरच हाय ना."

"रिटायर हून इतके दिस झाले, अजून रूट हाय?"

सचिनला हसू आलं. त्यानं ते सायलीच्या झबल्यात लपवलं आणि वडिलांना म्हणाला, "दादा, तुम्ही तर म्हणायचा, भिंगारला मित्राकडं चाललोय."

"मित्र बी हाय भिंगारला," रंभाजी म्हणाले. "न्हाई असं न्हाई."

"काय खाता तिच्याकडं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"कालवन-भाकर."

"कसं असतंय?"

"असतंय बरं." मग बायकोचा चेहरा बघून, "तुझ्यावानी न्हाई."

"खोटं बोलू नगा."

"तुझ्याहून बरं असतंय," रंभाजी म्हणाले, आणि एवढं खरं बोलल्यावर पुढचंही बोलून टाकलं. "दर बारी एकच इचारती. आक्काचे गुडघे कसे हायेत. मी म्हनतो, हायेत. मंग ती कालवन वाढती. तू ये म्हन, असं ती म्हनत न्हाई आन मी बी म्हनत न्हाई. दोघी भैनींच्या मधी कंडक्टरनं कशाला पडावं? पन ही पोर घरात कोंडलेली दिसायची. वाटलं, हिला जाऊ दे. हिला डोळे हायेत. हिला दिसंल."

सीमानं चमकून सासऱ्यांकडं बघितलं. चित्राला माल आहे म्हणून आपल्याला धाडलं असं तिला वाटत होतं. ते खरंही होतं. पण पाकिटाच्या आत दुसरं पाकीट होतं.

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत," भीमाताई म्हणाली, "आणि मी एकटी आईच्या बाजूनं भांडत बसले होते चार वर्षं. मावशीनं मला शिवलेलं झबलं अजून माझ्या ट्रंकेत आहे, दादा. मी ते आईला दिसू नये म्हणून खाली घालून ठेवलंय." ती डोळे पुसायला गॅलरीत गेली आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागली. कपडे अजून ओलेच होते.

---

दुपारी सगळे आडवे झाले. सीमा चिंध्या आणि रॉकेल घेऊन फळी पुसायला बसली. चांगुणाबाई येऊन शेजारी टेकल्या.

"हे चित्र काय करनार तू?"

"हे चुकलंय आई. दुसऱ्या बाजूनं पुन्हा कोरीन. फळीची पाठ कोरीच आहे."

"चुकलंय कशाला? धार झ्याक उतरलीया." त्यांनी कागद जवळ ओढला. "पन तिला दावू नगंस. ह्यात ती उजवी हाय. तिला वाटंल, आक्कानं आपल्याला कागदावर तरी सुदारली."

सीमाचा चिंधीचा हात थांबला.

"आमच्यात सारे तिला पलटवायलाच बघत हुते," चांगुणाबाई म्हणाल्या. "बाप, मास्तर. शेवटाला मी." त्यांनी फळीवरच्या हातावर बोट ठेवलं. शाईचं बोट तसंच पदराला पुसलं. एरवी सीमाच्या हातून असा डाग पडला असता तर आठवडाभर पुरला असता. "हे तू आठवनीतून कोरनार?"

"रेखाटन आहे माझ्याकडं. पण..." सीमा अडखळली. गेल्या आठवड्यापासून जे मागायची तिची छाती होत नव्हती ते आता तोंडाशी आलं. "एकदा बघून भागत नाही, आई. मला पुन्हा जायचंय. नुसतं घोडेगाव नाही, काष्टीला जायचंय, आणखी बाजार बघायचेत. इथं बसून मला काही दिसत नाही. मी आळशी झालेय असं नाही हो, मला खरंच दिसत नाही. एसटीत बसले की दिसतं. पण सायलीला टाकून गेले तर तिथंही नुसती तीच दिसते. ती जेवली असेल का, तिनं तोंडात काय घातलं असेल... मग माझ्याकडून रेघ निघत नाही."

"आन घेऊन गेलीस तर घरात मी बोलते."

सीमानं चिंधी पुन्हा रॉकेलात बुडवली.

"बोलते मी," चांगुणाबाईंनी स्वतःलाच उत्तर दिलं. "तोंड हाय, बोलनारच. तू आईकायचं आन जायाचं." मग गुडघ्यावर हात रेटत उठता उठता म्हणाल्या, "ह्या बाजाराला मी येते. पोरीला मी धरीन. तू तुझी रेघ वड."

---

एसटीत खिडकीची जागा त्यांनी सीमाला दिली. स्वतः सायलीला मांडीवर घेऊन बसल्या. मागच्या बाकावर रंभाजी ओळखीच्या कंडक्टरशी गप्पा मारत होते. इमामपूरचा घाट उतरेपर्यंत चांगुणाबाई सायलीशी बोलत होत्या. सीमानं वहीत खिडकीच्या गजांमधून पळणारे माळ काढले, एक विहीर काढली, आणि मग खिडकी सोडून शेजारी बघितलं. आईंच्या हातात पिशवीचे बंद होते आणि त्या त्यांना पीळ घालत होत्या.

बाजारात म्हशींमधून वाट काढत रंभाजी पुढं, मागं सासू, शेवटी सायलीला कडेवर घेतलेली सीमा. धूर दिसला. पातेलं दिसलं.

पहिल्यांदा सायलीनं ओळखलं. "आ!" ती म्हणाली आणि तिनं नुसतंच तोंड उघडलं.

साळूबाईंनी मान वर केली. समोर एका व्यापाऱ्याची ताटली होती, डाव्या हातात भरलेला डाव. त्यांनी पोरीला बघितलं, दाजींना बघितलं, मग मधल्या बाईला. तोंडावरची एक रेघही हलली नाही. फक्त डाव हलला. त्यांनी तो डाव्या हातातून काढला आणि उजव्या हातात घेतला.

उजव्या हाताला तो पेलेना. रस्सा हिंदकळला आणि ताटलीच्या काठावरून व्यापाऱ्याच्या बोटांवर गेला.

"ए मावशे! भाजलं की!"

चांगुणाबाई दोन पावलांत चुलीपाशी गेल्या. वाकल्या. बहिणीच्या हातातून त्यांनी डाव काढून घेतला.

सीमानं सायलीला घट्ट धरलं. घोडेगावला यायच्या आधी आईंनी तिला लग्नातलं सगळं सांगितलं होतं. आत्ता अगदी तसंच चाललं होतं. तसाच काढून घेतलेला डाव, तसाच साळूबाईंचा हवेत राहिलेला मोकळा हात. रंभाजींनी टोपी काढून हातात घेतली.

चांगुणाबाईंनी बहिणीचा डावा हात ओढला, त्यात डाव ठेवला आणि आपल्या दोन्ही हातांनी तिची बोटं त्यावर मिटवली.

"त्या हाताला सवय न्हाई," त्या म्हणाल्या. "सांडतंय. ह्यानं वाढ."

साळूबाई डावाकडं बघत राहिल्या. धुरानं म्हणा, त्यांनी डोळे खांद्याला पुसले. "गुडघे कसे हायेत?" त्यांनी विचारलं.

"तुझ्यापरीस बरे. सरक." चांगुणाबाई खाली बसल्या आणि ताटली पुढं केली. "मला आधी वाढ."

"आमी आधी आलो हुतो," व्यापारी बोटं चोखत म्हणाला.

"तुमी दर बाजाराला येता. मी चार वर्सांनी आले."

डाव पातेल्यात गेला, वर आला. धार उलट्या बाजूनं पडली. चांगुणाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, बुडवला, तोंडात घातला. बहीण बघत होती, नवरा बघत होता, व्यापारीसुद्धा बघत होता.

"मीठ कमी हाय."

"दाजी तर कधी बोलले न्हाईत!"

"त्यांना जीभ कुठं हाय? असती तर चार वर्सं गप बसले असते व्हय?"

साळूबाई हसल्या. अगदी आईंसारख्या, पण ओठाच्या दुसऱ्या बाजूनं. मग त्यांनी सीमापुढं हात केले. "आन तिला हिकडं. गेल्या बारीला कपाळ बघितलं तवाच वळखली. दाजीचं कपाळ हाय. पन तू बोलली न्हाईस, मंग मी बी बोलले न्हाई. लेकरू जेवतंय ना, म्हनलं जेवू दे."

सायली त्यांच्या मांडीवर गेली. डाव्या हाताच्या तीन बोटांत भाकरीचा कुस्करा आला. कुणी काऊ म्हटलं नाही, कुणी चिऊ म्हटलं नाही. मागं म्हशी ओरडत होत्या, टॉवेलाखाली सौदे होत होते, टेम्पो हॉर्न वाजवत वाट मागत होते. एवढ्या गोंगाटात सीमाला तो बारीकसा आवाज आला. घास गेला.

तिनं वही उघडली. नव्या पानाच्या कोपऱ्यात आधी 'पलटवणे' असं ठळक लिहून ठेवलं. मग हातापासून सुरुवात केली.